साइट (उपग्रहीय शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग)

दुर्गम खेड्यांतील शाळा व प्रौढांपर्यंत उपग्रहाद्वारे थेट दूरचित्रवाणी कार्यक्रम पोचवण्याचा भारतातील पहिला मोठा प्रयोग. कालावधी १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा (ओडिशा) व राजस्थान या सहा राज्यांतील २० जिल्हे त्यात होते. महाराष्ट्रातील एकही नव्हता. गावांची संख्या सामान्यतः २,४०० दिली जाते. तो नियोजनातील आकडा असून प्रत्यक्ष बसलेले टीव्ही संच त्याहून काहीसे कमी होते.

कल्पनेच्या श्रेयाबाबत एकमत नाही. भूस्थिर (पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहावरून प्रक्षेपणाची मांडणी आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये केली होती. काही पाश्चात्त्य लेखनात हा प्रयोग नासाच्या उपग्रहाचा एक उपयोग म्हणूनच येतो. भारतीय लेखक तो भारतीय अवकाश कार्यक्रमाचे प्रणेते विक्रम साराभाई यांच्या आग्रहाशी जोडतात. करारातील कामाची वाटणी पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९६९ मध्ये अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात झालेल्या करारानुसार नासाने उपग्रह वर्षभर द्यायचा होता. भूकेंद्रे, गावातील संच, कार्यक्रमनिर्मिती व मूल्यमापन ही भारताची जबाबदारी होती. त्याआधी १९६७ मध्ये दिल्लीभोवतालच्या ८० गावांत ‘कृषिदर्शन’ हा शेतीविषयक दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला होता. साराभाई १९७१ च्या अखेरीस वारले. पुढे यशपाल, एकनाथ चिटणीस व प्रमोद काळे यांनी अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रातून काम तडीस नेले.

नासाचा एटीएस-६ हा उपग्रह १९७५ मध्ये ३५° पूर्व रेखांशावर आणण्यात आला. त्याच्या सुमारे ९ मी. व्यासाच्या उलगडणाऱ्या अँटेनामुळे ८६० मेगाहर्ट्‌झवरील संकेत इतका जोरकस मिळे की गावात सुमारे ३ मी. व्यासाची अँटेना पुरे. तिचा पृष्ठभाग कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीचा होता. ८६० मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे ३५ सेंमी. येते, जाळीची भोके त्याच्या एकदशांशाहून लहान असली की परावर्तनात फारसा तोटा होत नाही, वारा मात्र आरपार जातो व खांबावरचा ताण घटतो. अशा अँटेनाचा झोत (ती संकेत टिपते तो कोन) सुमारे ८° रुंद असल्याने रोख एक-दोन अंशांनी चुकला तरी चित्र मिळते. खरी अडचण जागेची. उपग्रह नैर्ऋत्य-पश्चिमेला, क्षितिजापासून साधारण २७° ते ३८° उंचीवर. म्हणजे त्या बाजूचे झाड किंवा माडीचे घर आड येऊ शकते. संकेत वारंवारता-विरूपित (एफएम) असल्याने नेहमीच्या टीव्हीला तो समजत नसे. मधे परिवर्तक लागे. संच हैदराबादच्या ईसीआयएल (इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) या सरकारी कंपनीने बनवले.

रोज चार तास प्रक्षेपण होई. सकाळचा दीड तास ५ ते १२ वयोगटासाठी असे. हिंदी, कन्नड, उडिया व तेलुगू यांच्यात तो विभागला की प्रत्येकीला साडेबावीस मिनिटे येत. संध्याकाळी प्रौढांसाठी अडीच तास होते. एका चित्राबरोबर दोन ध्वनिवाहिन्या जात असल्याने एकच कार्यक्रम दोन भाषांत ऐकवता येई. मुलांचे विज्ञान कार्यक्रम मुंबईच्या स्टुडिओत तयार झाले.

मूल्यमापनाचे निष्कर्ष संमिश्र आहेत. मुलांच्या भाषाविकासात वाढ आढळली; पटसंख्या, हजेरी व गळती यांवर ठळक परिणाम दिसला नाही. प्रौढांत निरक्षरांची माहिती अधिक वाढल्याचे दिसले. आपला पाठ कधी येणार हे शिक्षकाला आधी ठाऊक नसले, त्याने नंतर प्रश्न विचारले नाहीत, तर पडद्यावरची साडेबावीस मिनिटे करमणुकीतच जमा होतात. म्हणून शिक्षक-प्रशिक्षणाचा भाग अधिक महत्त्वाचा मानावा लागतो. साइटमधील शिक्षकांसाठीच्या बारा दिवसांच्या विज्ञान प्रशिक्षण वर्गात टीव्हीच्या जोडीला रेडिओ, छापील साहित्य आणि हाताने करायचे प्रयोग होते. दोन फेऱ्यांत मिळून सुमारे ४८,००० शिक्षकांनी हे प्रशिक्षण घेतले.

वर्ष संपताच उपग्रह परत नेण्यात आला. भारताचा स्वतःचा उपग्रह, इन्सॅट-१बी, १९८३ मध्ये सुटला. त्यावरील शालेय प्रक्षेपणात महाराष्ट्राचा समावेश झाला व १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. केवळ शिक्षणासाठीचा एज्युसॅट २००४ मध्ये सोडण्यात आला.