आठवड्याची गोळी: मेथोट्रेक्सेटचा वार कसा ठरला

या औषधाच्या गोष्टीचं एक टोक मुंबईत आहे. १९२८च्या सुमारास एक ब्रिटिश महिला डॉक्टर इथल्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या ॲनिमियाचा छडा लावायला आली. यीस्टच्या अर्काने त्यांचं रक्त सुधारतं, हे तिने १९३१ मध्ये मांडलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे नाव मिळालेलं फोलिक ॲसिड. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशींना ते हवं असतं, तर मग त्याचं काम अडवणारं काहीतरी बनवावं, असा विचार निघाला. अमेरिकेतल्या एका कंपनीत ते बनवणाऱ्या चमूचा प्रमुख भीमावरमला जन्मलेला तेलुगू शास्त्रज्ञ होता. १९४८ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी कळवलं, की त्या औषधाने १६ मुलांपैकी १० जणांचा ल्युकेमिया काही काळ ओसरला. मेथोट्रेक्सेट हे त्याच घराण्यातलं, जरा अधिक हाताळण्याजोगं औषध. त्याच्या कर्करोगातल्या कर्तबगारीवर भरपूर लिहून झालं आहे.

संधिवात आणि सोरायसिस या त्वचारोगावर ही औषधं चालतात, हे १९५१ मध्येच दिसलं होतं. पण सोरायसिसच्या रुग्णांना सुरुवातीला थोडी थोडी गोळी रोज दिली जाई आणि यकृताला त्याची किंमत मोजावी लागे. आठवड्यातून एकदाच द्यायचं, मध्ये अस्थिमज्जेला आणि तोंडा-आतड्याच्या अस्तराला सावरायला दिवस मोकळे सोडायचे, ही रीत रुळली ती सत्तरच्या दशकात. संधिवातासाठी अमेरिकेत परवानगी मिळाली १९८८ मध्ये, तीही याच रीतीने. आज संधिवातात आठवड्याला ७.५ ते २५ मिलिग्रॅम चालतं. काही कर्करोगांत हेच औषध ग्रॅमच्या हिशोबात शिरेतून देतात, पण ते रुग्णालयात, उतारा हाताशी ठेवून. त्यामुळे औषधविक्रेत्याने ‘ही तर केमोची गोळी’ म्हटलं की सांधे धरलेली बाई घाबरून गोळी बंद करते. नाव खोटं नाही, माप वेगळं आहे. गोळी बंद केल्याने होणारं नुकसान मात्र कुठल्याच नोंदवहीत चढत नाही.

खरी अडचण उभी राहिली ती गोळी रुग्णाच्या घरी, डब्यात गेल्यावर. २००० साली इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरमध्ये एक रुग्ण दगावला. आठवड्याऐवजी रोज गोळी गेली होती. चौकशी झाली आणि २००४ मध्ये तिथल्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने देशभर इशारा काढला. पुढे ही चूक ‘कधीच होता कामा नये’ अशा घटनांच्या यादीत गेली. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनी खोक्यावर ठळक सूचना, रुग्णाजवळ ठेवायचं कार्ड आणि सुट्या बाटलीऐवजी पट्टी, असे उपाय ठरवले. २०२० मध्ये ब्रिटनने त्यात भर घातली: चिठ्ठीवर वार लिहा, आणि तो पूर्ण अक्षरांत लिहा.

हा वार लिहिण्याचा मुद्दा मराठीत आणखी महत्त्वाचा होतो. ‘आठवड्याची गोळी दिली आहे’ या वाक्याचे आपल्याकडे सरळसरळ दोन अर्थ होतात. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी हा एक, आणि आठवडाभर पुरतील एवढ्या गोळ्या हा दुसरा. खोकल्याचं औषध घेऊन आलेला माणूस ‘आठवड्याचं दिलंय’ म्हणतो तेव्हा तो दुसऱ्याच अर्थाने म्हणतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला सवय असते तीही त्याच अर्थाची. ‘दर आठ दिवसांनी’ म्हणावं तर आपले आठ दिवस म्हणजे सात, जसे पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे. बोटं मोजून घेणाऱ्याची गोळी रविवारवरून सोमवारवर, मग मंगळवारवर सरकत जाते. एवढ्याने विषबाधा होत नाही, पण ‘मागची कधी घेतली’ हे आठवायला आधार उरत नाही, आणि आठवलं नाही की माणूस आणखी एक घेऊन टाकतो. ‘एकदा’ हा शब्दही फसवा: दिवसातून एकदा की आठवड्यातून एकदा, ते सांगणारा शब्द काउंटरवरच्या घाईत आधी गळतो. त्यात आपल्या चिठ्ठीवरची १-०-० ही पद्धत. सकाळ, दुपार, रात्र अशी तीन घरं तिच्यात आहेत. आठवड्याला घरच नाही. शेजारी इंग्रजीत वीकली लिहिलेलं असतं, पण घरी गोळ्या लावून देणारा नातू आकडे वाचतो.

वार मात्र आपल्याला उपजत कळतो. उपवासाचा वार, बाजाराचा वार, हे कुणाला शिकवावं लागत नाही. डॉक्टरांनी ‘रविवारची गोळी’ एवढं नाव दिलं तरी अर्धी लढाई जिंकली, असं माझं मत.

दुसरा वाद ताकदीचा. ब्रिटनमध्ये कल एकाच ताकदीकडे आहे: फक्त २.५ मिलिग्रॅमच्या गोळ्या द्या, म्हणजे १५ मिलिग्रॅमला सहा मोजाव्या लागतील आणि मोजताना लक्ष जाईल. आपल्याकडे ७.५, १०, १५ अशा सगळ्या मिळतात. एकच गोळी, स्वस्त आणि सुटसुटीत, हा युक्तिवाद मी उडवून लावणार नाही. वाकड्या झालेल्या बोटांनी सहा गोळ्या फोडणं सोपं नसतं. पण १५ची एक गोळी रोज गेली तर सात दिवसांत १०५ मिलिग्रॅम पोटात जातात. शिवाय युरोपचा मोठा भरवसा खोक्यावर. इथे खोकं दुकानातच राहतं आणि ‘चारच द्या’ म्हटलं की पट्टीवर कात्री चालते. आमच्या शेजारच्या काकूंच्या स्टीलच्या डब्यात असा एक तुकडा मी पाहिला: चार पिवळ्या गोळ्या, मागे नावाची शेवटची तीन अक्षरं, सूचना कापलेल्या अर्ध्यावर राहिलेली. शेजारी फोलिक ॲसिडची पट्टी, गोळ्या तितक्याच पिवळ्या.

फोलिक ॲसिड हे ठरल्या वारी, दुष्परिणाम कमी करायला देतात; मेथोट्रेक्सेटचा डोस चुकून जास्त गेल्यावरचा उतारा म्हणून नव्हे. तो उतारा म्हणजे ल्युकोव्होरिन, आणि तो रुग्णालयात, शक्य तितक्या लवकर द्यावा लागतो. तोंड आलं, ताप भरला, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठले, कोरडा खोकला आणि धाप लागली, तर पुढच्या वाराची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं. लघवीच्या संसर्गावर सर्रास दिलं जाणारं को-ट्रायमॉक्साझोल मेथोट्रेक्सेटच्या जोडीला गेलं तर रक्तपेशी धोकादायक खाली येऊ शकतात. दुसऱ्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं सांगितलं नाही की नेमकं हेच घडतं. गरोदरपणात संधिवातासाठी हे औषध चालत नाही, आणि दिवस राहण्याचा विचार असेल तर ते आधी काही महिने बंद करावं लागतं.

काकूंनी आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाच्या चौकटीतच, रविवारी ‘मे’ आणि बुधवारी ‘फो’ लिहायला सुरुवात केली आहे. गोळी घेतली की अक्षराभोवती गोल. महिन्याच्या रक्ततपासणीला जाताना ते पान फाडून सोबत नेतात.