एनबीएचा ८२ सामन्यांचा हंगाम: हा आकडा आला कुठून?

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन एप्रिलच्या मध्यापर्यंत चालणारा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, साखळी हंगाम म्हणजे प्रत्येक संघाचे ८२ सामने. त्यातले साधारण निम्मे घरच्या कोर्टवर, निम्मे परक्या शहरांत. त्यानंतर प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, आणि विजेता ठरेपर्यंत जून उजाडतो. गेली काही वर्षे या हंगामाबद्दल एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. सामने फार झाले, खेळाडूंची शरीरे थकतात, मोठे खेळाडू अधूनमधून विश्रांती घेतात आणि महिनोन्महिने आधी तिकीट काढलेला प्रेक्षक हिरमुसून घरी जातो. या वादात ८२ हा आकडा असा गृहीत धरला जातो, जणू तो बास्केटबॉलबरोबरच जन्माला आला. प्रत्यक्षात तो ठरला १९६७ साली, आणि त्यामागे खेळाडूंच्या क्षमतेचा हिशेब नव्हता. मोठ्या सभागृहांच्या रिकाम्या रात्री भरायच्या होत्या, त्या गरजेतून हा हंगाम लांबत गेला.

बास्केटबॉल हा मुळातच हिवाळ्यातला, छपराखालचा खेळ. जेम्स नेस्मिथ यांनी तो डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड येथे बेतला, तोच बर्फाच्या दिवसांत विद्यार्थ्यांना व्यायाम मिळावा म्हणून. व्यावसायिक संघ आणि छोट्या लीग पुढे अनेक निघाल्या आणि बुडाल्या. ६ जून १९४६ रोजी न्यू यॉर्कमध्ये जी बैठक झाली, तिचे वेगळेपण तिथे जमलेल्या माणसांत होते. बॉस्टन, न्यू यॉर्क, क्लीव्हलँड अशा शहरांतल्या मोठ्या इनडोअर सभागृहांचे मालक आणि चालक एकत्र आले होते. त्यांतल्या बहुतेकांकडे आइस हॉकीचे संघ होते. हॉकीचा सामना नसलेल्या रात्री सभागृह रिकामे राहायचे आणि खर्च मात्र चालूच असायचा. बर्फावर लाकडी फळ्या अंथरून तिथे बास्केटबॉल खेळवता येतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी ११ संघांची ‘बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका’ स्थापन केली आणि अध्यक्षपदी मॉरिस पोडोलॉफ यांना बसवले. पोडोलॉफ तेव्हा अमेरिकन हॉकी लीगचेही अध्यक्ष होते.

१ नोव्हेंबर १९४६ रोजी टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये पहिला सामना झाला. न्यू यॉर्क निकरबॉकर्सने टोरांटो हस्कीजला ६८-६६ असे हरवले. पहिल्या हंगामात प्रत्येक संघाला ६० सामने आखून दिले होते. पण तेवढे प्रेक्षक मिळाले नाहीत. वर्षअखेर टोरांटोसह चार संघ बंद पडले आणि दुसऱ्या हंगामात सामने थेट ४८ वर आले. आजच्या वादात ही गोष्ट कोणी फारशी आठवत नाही, पण मला ती महत्त्वाची वाटते. हंगाम छोटा करण्याचा निर्णय या लीगने अगदी सुरुवातीलाच घेतला होता आणि त्याने लीग बुडाली नाही. १९४९ मध्ये जुन्या नॅशनल बास्केटबॉल लीगमधले उरलेले संघ सामावून घेऊन ती एनबीए झाली. त्या पहिल्या वर्षी १७ संघ होते आणि सगळ्यांच्या सामन्यांची संख्यासुद्धा सारखी नव्हती. कोणी ६२ खेळले, कोणी ६८.

त्या काळातले वेळापत्रक जमवणे हे स्वतंत्र कसब होते, आणि ते एका माणसाकडे होते. एडी गॉटलिब हे फिलाडेल्फिया वॉरियर्सचे पहिले प्रशिक्षक. १९४७ चे पहिले विजेतेपद त्यांच्याच संघाचे. पुढे ते संघाचे मालकही झाले. त्याआधी त्यांनी फिलाडेल्फियात ‘स्फास’ नावाचा ज्यू खेळाडूंचा नावाजलेला संघ चालवला होता. शनिवारी रात्री हॉटेलच्या दालनात सामना आणि सामना संपला की त्याच जमिनीवर नाच, असा त्यांचा कार्यक्रम असे. प्रेक्षक कशासाठी येतो आणि कोणत्या रात्री येतो, हे त्यांना पक्के कळत होते. अशा माणसाने जवळजवळ तीन दशके एनबीएचे वेळापत्रक हाताने, कागदावर तयार केले. कोणत्या शहरात कोणत्या तारखेला हॉकी आहे, कुठे बर्फावरच्या नृत्याचा खेळ लागला आहे, कुठे सर्कस उतरणार आहे, कोणती गाडी रात्री सुटून सकाळी कुठे पोचते, हे सगळे जमेस धरून ते सामने बसवत.

बास्केटबॉलचा मान तेव्हा या सगळ्यांच्या नंतर होता. १९५१ ते १९५३ अशी सलग तीन वर्षे निक्स, म्हणजे न्यू यॉर्कचे निकरबॉकर्स, अंतिम फेरीत पोचले, पण वसंतात मॅडिसन स्क्वेअर गार्डन सर्कशीला दिलेले असल्यामुळे त्यांना अंतिम फेरीचे घरचे सामने शहरातल्या एका लष्करी कवायत-सभागृहात खेळावे लागले. लीगचे अजिंक्यपद ठरत होते आणि मुख्य सभागृहात सर्कस चालली होती. ही परिस्थिती पूर्णपणे गेलेली नाही. सॅन अँटोनियो स्पर्सच्या सभागृहात दर फेब्रुवारीत रोडिओ, म्हणजे घोडे आणि बैलांवर स्वार होण्याच्या खेळांचा मेळा, भरतो, म्हणून २००३ पासून त्या संघाचा त्या दिवसांतला परक्या शहरांचा लांबलचक दौरा ठरूनच गेला आहे.

हंगाम लांबवायचा तर आधी खेळ पाहण्याजोगा हवा, आणि १९५० च्या सुमारास तो नेहमीच तसा नसे. आघाडी मिळाली की चेंडू हातात धरून वेळ काढायचा, याला नियमांची काही आडकाठी नव्हती. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असे हरवले. हा १२ मिनिटांच्या चारही सत्रांनंतरचा अंतिम गुणफलक आहे. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या जॉर्ज मायकनचे होते. अशा संध्याकाळी पैसे मोजून परत कोण येणार?

उत्तर सापडले सिरॅक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बायसोन यांना. त्यांचा धंदा बोलिंग सभागृहाचा. त्यांनी रंगलेल्या सामन्यांकडे पाहून साधा भागाकार केला. चांगल्या सामन्यात प्रत्येक संघ सुमारे ६० वेळा बास्केटवर नेम धरतो, म्हणजे दोन्ही मिळून १२०. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. भागाकार २४. १९५४-५५ च्या हंगामापासून २४ सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकलाच पाहिजे असा नियम आला आणि एका संघाची प्रतिसामना सरासरी ७९.५ गुणांवरून ९३.१ वर गेली. त्या वर्षीचे विजेतेपदही सिरॅक्यूजलाच मिळाले. माझ्या मते एनबीएच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा निर्णय आहे. त्याने खेळ वाचला. पण त्याबरोबर प्रत्येक सामन्यातली धावपळ कायमची वाढली, आणि धावपळ वाढलेली असताना सामनेही वाढत राहिले. आजच्या थकव्याच्या चर्चेत ही दुसरी बाजू हमखास निसटते.

१९५३-५४ मध्ये सामने ७२ होते. १९५९-६० मध्ये ७५, पुढच्या वर्षी ७९, मग ८०. संघ मात्र आठ-नऊच, त्यामुळे त्याच त्या प्रतिस्पर्ध्यांशी पुन्हा पुन्हा गाठ पडे. काही ‘घरचे’ सामने घरापासून दूरच्या छोट्या गावांत नेले जात, तिथे नवे प्रेक्षक मिळावेत म्हणून. फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलेन यांनी एका सामन्यात १०० गुण केले ते याच पद्धतीमुळे पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शी या चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात. तारीख २ मार्च १९६२, प्रेक्षक ४,१२४. त्या हंगामात त्यांनी प्रतिसामना सरासरी ५०.४ गुण केले आणि जादा वेळ धरून सरासरी ४८ मिनिटांहून अधिक वेळ ते कोर्टवर होते. म्हणजे पूर्ण ८० सामने, जवळजवळ विश्रांतीविना. जुने लोक याचे उदाहरण देऊन आजच्या खेळाडूंना नाजूक म्हणतात. तुलना मला पटत नाही. एकाच माणसाच्या अचाट ताकदीवरून शेकडो खेळाडूंसाठी नियम ठरवता येत नाही.

प्रवास तर जोखमीचाच होता. १८ जानेवारी १९६० च्या रात्री सेंट लुईसहून मिनियापोलिसला परतणाऱ्या लेकर्सच्या जुन्या डीसी-३ विमानातली वीज गेली. हिमवादळात वाट चुकलेल्या वैमानिकांनी ते आयोवातल्या कॅरोल गावाजवळ मक्याच्या बर्फाळ शेतात उतरवले. सगळे वाचले. त्याच वर्षी तो संघ लॉस एंजेलिसला हलला, १९६२ मध्ये वॉरियर्स सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि लीगचा पसारा एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत झाला.

खेळाडूंना या सगळ्यात काही म्हणायचेच नव्हते असे नाही. बॉस्टनचे खेळाडू बॉब कूझी यांनी १९५४ मध्ये खेळाडूंची संघटना उभी केली, पण निवृत्तिवेतनाच्या मागणीला मालकांनी दाद दिली ती दहा वर्षांनी. १४ जानेवारी १९६४ रोजी बॉस्टनमध्ये लीगमधल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना दूरचित्रवाणीवर दाखवला जायचा होता. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत बिल रसेल, जेरी वेस्ट, ऑस्कर रॉबर्टसन यांच्यासह सगळे खेळाडू ड्रेसिंग रूमच्या बाहेर यायला तयार नव्हते. आश्वासन मिळाले, सामना थोडा उशिरा सुरू झाला. आपल्या गैरहजेरीची किंमत खेळाडूंना त्या रात्री नेमकी कळली.

आता ८२ कडे येऊ. १९६६-६७ मध्ये संघ १० होते आणि प्रत्येकाने उरलेल्या नऊ संघांशी नऊ-नऊ सामने खेळले. बेरीज ८१. पुढच्या वर्षी सिॲटल आणि सॅन दिएगो आले, संघ १२ झाले, सहा-सहांचे दोन गट पडले. आपल्या गटातल्या पाच संघांशी आठ-आठ म्हणजे ४०, दुसऱ्या गटातल्या सहांशी सात-सात म्हणजे ४२. बेरीज ८२. एवढीच त्या आकड्याची जन्मकथा. १९६८ मध्ये मिलवॉकी आणि फीनिक्स येऊन संघ १४ झाले आणि हे गणित कोलमडले, तरी आकडा तसाच ठेवला गेला. त्याच हंगामात वॉल्ट बेलामी या खेळाडूची न्यू यॉर्कहून डेट्रॉइटला अदलाबदल झाली. दोन्ही संघांची वेळापत्रके वेगवेगळ्या टप्प्यांवर असल्यामुळे त्यांच्या नावावर एका हंगामात ८८ सामने लागले. १९७६ मध्ये एबीए या प्रतिस्पर्धी लीगचे चार संघ आले, २००४ पर्यंत संघ ३० झाले. दर वेळी ८२ हे आधी धरून त्यात संघ बसवले गेले. आज १५-१५ संघांचे दोन विभाग आणि प्रत्येक विभागात पाच-पाचांचे तीन गट आहेत. गटातल्या चार संघांशी चार-चार, आपल्या विभागातल्या इतर सहांशी चार-चार, उरलेल्या चारांशी तीन-तीन आणि दुसऱ्या विभागातल्या १५ संघांशी दोन-दोन, अशी जुळवाजुळव करून ती बेरीज साधली जाते.

वर प्लेऑफही फुगत गेले. १९४७ चा विजेता २२ एप्रिलला ठरला होता. १९८४ पासून १६ संघ प्लेऑफमध्ये येऊ लागले आणि २००३ पासून पहिली फेरीही सातपैकी चार विजयांची झाली, तसा शेवट जूनच्या मध्यावर सरकला.

हा आकडा मोडला तो केवळ नाइलाजाने. खेळाडूंशी करारावरून वाद होऊन मालकांनी केलेल्या टाळेबंदीमुळे १९९८-९९ चा हंगाम फेब्रुवारीत सुरू झाला आणि ५० सामन्यांचा झाला. तशाच कारणाने २०११-१२ चा नाताळच्या दिवशी सुरू होऊन ६६ चा झाला. दोन्ही वेळा उरलेल्या दिवसांत सामने इतके कोंबले, की संघांना सलग तीन रात्री तीन सामने खेळावे लागले. म्हणून ‘सामने कमी करून पाहिले, उपयोग झाला नाही’ असे या वर्षांवरून म्हणता येत नाही. सामने कमी आणि दिवस तेवढेच, असा प्रयोग ८२ चा आकडा ठरल्यापासून लीगने कधी केलेलाच नाही. ११ मार्च २०२० ला साथीमुळे हंगाम थांबला. जुलैअखेरपासून २२ संघांनी फ्लोरिडातल्या डिस्ने संकुलात, प्रेक्षकांविना तो पुरा केला. विजेता ठरला ११ ऑक्टोबरला, आणि पुढचा ७२ सामन्यांचा हंगाम २२ डिसेंबरला सुरूही झाला. २०२१-२२ मध्ये ८२ परत आले.

विश्रांतीचा वाद पेटला तो नोव्हेंबर २०१२ मध्ये. परक्या शहरांतल्या लांब दौऱ्याच्या शेवटी, पाच रात्रींतला चौथा सामना मायामीत होता. स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी टिम डंकन, टोनी पार्कर, मानू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन यांना सरळ घरी पाठवले. सामना देशभर टीव्हीवर दिसणार होता. लीगचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी संघाला अडीच लाख डॉलर दंड केला. मला त्यात चूक वेळापत्रकाचीच दिसते, आणि पुढे लीगने ते मानल्यासारखेच केले. २०१७-१८ पासून हंगाम आठवडाभर आधी सुरू करून पाच रात्रींत चार सामने हा प्रकार बंद केला. दरम्यान संघ शहाणे झाले होते. २०१८-१९ मध्ये टोरांटोच्या आताच्या संघाने, रॅप्टर्सने, क्वाय लेनर्ड यांना ८२ पैकी फक्त ६० सामने खेळवले आणि जूनमध्ये विजेतेपद मिळवले. अंतिम फेरीचे सर्वोत्तम खेळाडूही तेच.

यावर लीगने २०२३-२४ पासून नियम आणला: मोसमातल्या मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळलेच पाहिजेत. उपाय म्हणून मला तो अपुरा वाटतो. त्याच हंगामात आधीच्या वर्षीचे सर्वोत्तम खेळाडू जोएल एम्बीड गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुरस्काराच्या शर्यतीतून बाहेर गेले. दुखापत झालेल्या माणसाला आणि मुद्दाम बसवलेल्या माणसाला हा नियम बहुतांशी एकाच मापाने मोजतो, आणि मूळ संख्येला तर हातच लावत नाही.

संख्येला हात लावायचा तर पैशाला लावावा लागेल. लीगच्या उत्पन्नात खेळाडूंचा वाटा साधारण निम्मा असतो, म्हणून सामने घटले तर झळ मालकांबरोबर त्यांनाही लागते. २०२४ मध्ये डिस्ने, एनबीसी युनिव्हर्सल आणि ॲमेझॉन यांच्याशी झालेला प्रक्षेपणाचा करार ११ वर्षांचा आहे, सुमारे ७६ अब्ज डॉलरचा. तो २०२५-२६ पासून २०३५-३६ पर्यंत चालेल. सभागृहांच्या रिकाम्या रात्री भरण्यासाठी सुरू झालेल्या हंगामावर आता पडद्यावरच्या रात्री भरण्याचीही जबाबदारी आहे. या मुदतीत कोणी ७२ किंवा ६६ सामन्यांचा प्रस्ताव आणला, तर त्याला पहिल्यांदा या तीन प्रक्षेपकांना विचारावे लागेल.