दाणे चिमण्यांचे, ताव पारव्यांचा

आमचा फीडर, म्हणजे पक्ष्यांना दाणे घालायचं भांडं, घेतल्यावर आठवड्याभरात येणारा फोन आता आम्हाला तोंडपाठ झालाय. "चार दिवस छान चिमण्या येत होत्या. आज सकाळी बघते तर कठड्यावर अकरा पारवे, आणि चिमणी एकही नाही." हे पत्रक म्हणजे त्या फोनचं उत्तर. फीडर खोक्यातून बाहेर काढायच्या आधी वाचलंत तर उत्तम.

आधी आमची चूक सांगून टाकतो. सुरुवातीची काही वर्षं आम्ही उघड्या लाकडी ताटलीचा फीडर विकत होतो. दिसायला देखणा, फोटोत तर फारच. पण उघडी ताटली म्हणजे पारव्यांना पंगतीचं आमंत्रण, हे आम्हाला ग्राहकांच्या शिव्या खाऊन कळलं. तो फीडर आम्ही बंद केला. तुमच्याकडे अजून असेल तर कुंडीखाली ठेवा, त्यात दाणे नकोत.

मोठे पक्षी येतात कशाला

पारवा, ज्याला शहरात आपण सरसकट कबूतर म्हणतो, तो मूळचा कड्याकपारीतला पक्षी. त्याच्या लेखी तुमची इमारत हा कडा, खिडकीवरचा छज्जा ही कपार आणि एसीच्या बाहेरच्या युनिटमागची जागा म्हणजे बाळंतिणीची खोली. वीण जवळजवळ वर्षभर चालू, एका वेळी दोन अंडी. लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, वजन ३०० ग्रॅमच्या घरात. चिमणी १५ सेंटिमीटरची आणि जेमतेम २५ ते ३० ग्रॅमची. एका पारव्याच्या वजनात दहा चिमण्या बसतात. मुनिया तर चिमणीच्याही निम्मी. अशा पाहुण्याशेजारी बसून दाणे टिपायची हिंमत कोण करेल?

पण पारव्याला एक गोष्ट जमत नाही आणि आमचा धंदा तिच्यावरच उभा आहे: त्याला लटकून खाता येत नाही. सपाट जागेवर चालत चालत टिपायचं, ही त्याची रीत. म्हणून त्याला हाकलत बसण्यापेक्षा सपाट जागाच मिळू न देणं सोपं.

कावळ्याचं गणित वेगळं. त्याला तुमच्या बाजरीत फारसा रस नसतो. त्याला हवी असते पोळी, शेव, कालचा भात. पितृपक्षात त्याची वाट बघत आपण गच्चीवर ताटकळतो आणि एरवी तो आला की चप्पल उगारतो, हा भाग सोडा. पण फीडरमध्ये आणि आसपास शिजवलेलं अन्न ठेवलं नाहीत तर कावळ्याची निम्मी तक्रार आपोआप मिटते. एप्रिल ते जूनमध्ये जवळच्या झाडावर त्याचं घरटं असेल आणि तो डोक्यावर झेपावत असेल, तर त्याचा फीडरशी संबंध नाही. महिनाभर त्या कोपऱ्यात जाताना छत्री वापरा.

पोपट मात्र चोचीने धरून चढणारा गडी. तो लटकतो, प्लास्टिक कुरतडतो आणि खातो त्याच्या दुप्पट सांडतो. म्हणून आमच्या फीडरची खालची बशी आणि तोंडं स्टीलची आहेत.

आधी फुकटचे उपाय करा

पारव्यांचा थवा आधीच लागला असेल तर फीडर पूर्ण काढून ठेवा. दहा दिवस तरी. मध्येच दया येऊन मूठभर टाकायची नाही, नाहीतर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. चिमण्या कायमच्या जातील ही भीती नको. त्या परत येतात, आणि बहुधा पारव्यांच्या आधी येतात.

तेवढ्या दिवसांत एसीमागे, जुन्या कुंड्यांच्या आडोशाला, माळ्यावरच्या खिडकीत घरटं आहे का ते बघा. तिथे पारव्यांचा संसार चालू असेल तर फीडर कुठलाही लावा, ते तिथेच राहणार. अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा आणि मग ती फट जाळीने बंद करा.

परत लावताना फीडर कठड्यावर ठेवू नका, टांगा. कठड्यापासून, छज्ज्यापासून, कपड्यांच्या दांडीपासून निदान दोन फूट लांब. पारवा शेजारच्या कठड्यावर बसून मान लांबवतो, त्याला बसायला फीडरच लागतो असं नाही.

धान्याचं म्हणाल तर गहू, मका, अख्खी ज्वारी आणि हरभरे पूर्ण बंद. चिमण्यांना बाजरी आणि तांदळाची कणी, मुनियांना राळा. पारवा बाजरीही आनंदाने खातो, त्यामुळे नुसतं धान्य बदलून काम होत नाही. पण बारीक दाणा सांडला तरी त्याला त्यात मक्याइतकी मजा येत नाही. किती घालायचं? सकाळी दोन मोठे चमचे. संपलं तर संपलं. दिवसभर भरलेला फीडर ही हौस माणसांची आहे. चिमणीला त्याची गरज नाही, आणि तिची पिल्लं तर मुख्यतः अळ्या-किड्यांवरच वाढतात. बागेत कीटकनाशक कमी मारलंत तर त्यांना आमच्या फीडरपेक्षा जास्त उपयोग होईल. (हे आमच्या विक्रेत्यांना आवडत नाही.)

आणि सांडलेलं रोज झाडा. फीडरखाली पडलेले दाणे हाच पारव्यांचा खरा फीडर असतो. पुढे तिथेच उंदीर येतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव.

जाळीचा फीडर कसा काम करतो

तुम्ही घेतलेल्या फीडरमध्ये मधोमध अडीच इंच व्यासाची नळी आहे आणि तिच्याभोवती बारा इंच व्यासाचा दीड इंची चौकटीच्या वेल्डमेशचा पिंजरा. चिमणी आणि मुनिया दीड इंचातून सहज आत शिरतात. पारवा, कावळा शिरू शकत नाहीत. साळुंकीही बाहेर राहते. बुलबुल कधी घुसायचा प्रयत्न करतो, पण त्याला खरं तर पपईचा किंवा चिक्कूचा तुकडा हवा असतो; तो वेगळ्या खिळ्याला टोचून लावा.

पिंजरा इतका मोठा का, स्वयंपाकघरातल्या गाळणीएवढा का नाही, असं पुष्कळ जण विचारतात. कारण पारव्याचं अंग आत जात नसलं तरी डोकं जातं. बाहेरच्या जाळीपासून नळीपर्यंत सगळीकडून पावणेपाच इंच अंतर सुटतं आणि तेवढी त्याची मान पुरत नाही. बाजारात याहून छोटे, स्वस्त पिंजरे मिळतात. त्यांत पारवा निवांत मान घालून खातो आणि चिमणी आत अडकल्यासारखी घाबरते. घ्यायच्या आधी आपल्या हाताची चार बोटं जाळीतून घालून बघा. दाण्यापर्यंत पोचली तर पारव्याची चोचही पोचेल.

वरचा घुमट उलटा लावू नका. तो पावसासाठी आहेच, पण मुख्य म्हणजे उतारावर पारव्याला बसता येत नाही. उलटा लावलात तर ती ताटली होते, आणि पहिल्या परिच्छेदापासून सगळं पुन्हा सुरू. आतल्या बसायच्या दांड्या दोन सेंटिमीटरच्याच आहेत. त्यांना लांब काडी बांधून "सोय" करू नका.

खारीला ही जाळी अडवत नाही. तो आमचा दुखरा विषय आहे. पातळ तारेवर, झाडाच्या फांदीपासून दूर टांगलात तर ती कंटाळते, पण आम्ही हमी देत नाही.

वजनाने बंद होणारा फीडर आमच्याकडे का नाही, हाही नेहमीचा प्रश्न. कल्पना चांगली आहे: जड पक्षी दांडीवर बसला की स्प्रिंग दबते आणि दाण्यांच्या तोंडावर झडप येते. आम्ही तो वर्षभर बनवला. पहिल्या पावसाळ्यात धूळ आणि गंजाने स्प्रिंग अडकल्या. निम्म्या फीडरची झडप कायमची उघडी राहिली, निम्म्यांची कायमची बंद.

जे आम्ही विकत नाही

अल्ट्रासॉनिक यंत्र मागू नका. अल्ट्रासॉनिक म्हणजे २० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज आणि तो पक्ष्यांना ऐकूच येत नाही. पारवा त्या यंत्रावर बसलेला आम्ही पाहिलाय. प्लास्टिकचं घुबड आणि जुन्या सीडी दोन-चार दिवस चालतात, मग पारवे त्यांना सरावतात.

चिकट जेल, फास, विष, गलोल यांचं नावही नको. चिकट जेलमध्ये आधी चिमणीच अडकते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. कावळा त्यात पूर्वी पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत होता, पण २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच काढून टाकली, म्हणजे उपद्रवी म्हणून त्याला मारायची ती जुनी मुभा आता नाही. बाल्कनीला नायलॉनची जाळी लावणार असाल तर ती ताठ ओढून घ्या. लोंबती जाळी म्हणजे फासच.

स्वच्छता, विशेषतः पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर दाणे रोज बदला. ओल्या बाजरीला बुरशी लागते आणि तिचं विष पक्ष्यांना मारतं. आठवड्यातून एकदा फीडर गरम पाण्यात साबणाने धुवा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवा, खळखळून धुवा आणि पूर्ण सुकल्यावरच भरा. पाण्याचं भांडं उथळ हवं, दोन इंचांहून खोल नको, आणि पाणी रोज बदला, नाहीतर चिमण्यांऐवजी डास पाळाल.

पारव्यांची वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडा, मास्क लावा, मग पुसा. ती धूळ सतत श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना सूज येते आणि दुर्लक्ष केलं तर नुकसान कायमचं होतं. घरात दम्याचा रुग्ण असेल तर फीडर लावायचा की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवा. मुंबईत कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तो याच कारणासाठी. शेजाऱ्यांनी तक्रार केली तर ती खवचटपणाची आहे असं लगेच धरून चालू नका.

जाता जाता: महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हाही कबुतराच्याच कुळातला. पण तो वड, पिंपळ, उंबराची फळं खातो आणि तुमच्या बाजरीकडे ढुंकूनही बघत नाही. तो दिसला तर हाकलू नका, शेजाऱ्यांना बोलवा.

हा फीडर कुणी घेऊ नये

आसपास झाडं किंवा झुडपं नसलेल्या उंच टॉवरमध्ये, आठव्या-दहाव्या मजल्यावर, आमच्या अनुभवात चिमण्या फारशा येत नाहीत, पारवे मात्र येतात. तिथे फीडर लावून पैसे घालवू नका. जास्वंद किंवा हॅमेलियाची एखादी कुंडी ठेवून बघा, नशिबात असेल तर फुलांतला मध पिणारा शिंजीर येईल. त्याला दाणे लागत नाहीत.

घेऊन पस्तावलात तर पंधरा दिवसांत फीडर परत करता येतो. फक्त धुऊन आणा. पिंजऱ्याची जाळी वाकली असेल तर दुरुस्त करून देतो, पैसे घेत नाही. उलटा लावलेला घुमट सरळ करून द्यायला मात्र घरी येणार नाही.