लामतुरे संग्रहालय, तेर

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठच्या तेर गावातील शासकीय पुराणवस्तू संग्रहालय. गावाच्या आसपासच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या, टेकाडांत प्राचीन तगर नगराचे अवशेष आहेत. मराठवाड्यात धाब्याच्या घरांवर पांढरी माती घालण्याची जुनी रीत आहे. अशी माती खणताना किंवा पावसाने टेकाड धुपले की मणी, नाणी, खापरे वर येतात. गावचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या आणि त्यांच्या संग्रहातूनच हे संग्रहालय उभे राहिले. त्यांची चिकाटी नसती, तर यातले बरेच काही कायमचे विखुरले असते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. तगरचे कापड गाड्यांनी भडोचला जाई. हे तगर म्हणजेच तेर, असे शिलालेखांचे अभ्यासक जॉन फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. सातवाहनकाळी येथील कारागीर पांढऱ्या केओलिन मातीच्या स्त्रीमूर्ती दुहेरी साच्यात घडवीत. त्यांचे केशभार आणि दागिने जवळून पाहावेत असे आहेत. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी जवळचे साम्य आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे ही तुलना काळ ठरवण्यासही उपयोगी पडते. १९५८ च्या आणि नंतरच्या उत्खननांनी या सुट्या वस्तूंना काळ ठरवण्यासाठी जमिनीतील थरांचा आधार दिला.

तेर सातवाहनांबरोबर संपले नाही. मध्ययुगात कोकणचे शिलाहार राजे दूर समुद्रकाठी राज्य करीत असूनही ‘तगरपुरवराधीश्वर’ (श्रेष्ठ तगर नगराचा स्वामी) हे बिरुद अभिमानाने लावीत. नामदेवांचे समकालीन संत गोरोबाकाका येथलेच. कुंभाराच्या चाकावर पोट असलेल्या या संताची समाधी तेरणेकाठी आहे, आणि चैत्रात तेथे यात्रा भरते.

म्हणून केवळ दालने पाहून परतणे अपुरे ठरते. जुन्या विटांचे त्रिविक्रम मंदिर अवश्य पाहावे. त्याचा मागचा भाग बौद्ध चैत्यगृहासारखा (प्रार्थनागृहासारखा) अर्धवर्तुळाकार असून मंडप नंतरचा आहे. मूळ वास्तू चैत्यगृहच असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. आज तेथे विष्णूची पूजा होते. उत्तरेश्वर मंदिरही विटांचेच आहे. टेकाडावर फिरताना खापराचा तुकडा दिसला तरी उचलू नये. जागा सुटली की त्याचा काळ सांगणे अवघड होते.