ॲस्पिरिनमुळे रक्त पातळ होत नाही
हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिल्या जाणाऱ्या ॲस्पिरिनच्या छोट्या गोळीमुळे रक्त पाण्यासारखे पातळ होते, हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. तो चुकीचा आहे. रक्ताचा दाटपणा मुख्यतः तांबड्या पेशी आणि प्रथिने यांच्या प्रमाणावर ठरतो आणि ही गोळी त्यांपैकी काहीच विरळ करत नाही. ती बिंबिकांमधील (रक्ताची गुठळी बनवणाऱ्या सूक्ष्म पेशी, म्हणजेच प्लेटलेट्स) सायक्लोऑक्सिजनेज या विकराचे (एन्झाइमचे) काम रोखते, त्यामुळे बिंबिकांना एकमेकींना चिकटायला लावणारे थ्रॉम्बॉक्सेन तयार होत नाही. ॲस्पिरिनच्या या रोधक क्रियेचा उलगडा ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ साली केला आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. विशेष म्हणजे हा अटकाव कायमचा असतो: बिंबिकेत केंद्रक नसल्यामुळे तिला विकराचा नवा पुरेसा साठा घडवता येत नाही आणि ती आपले सुमारे ७ ते १० दिवसांचे आयुष्य तशीच काढते. ‘रक्त फार पातळ झाले’ या भीतीने गोळी परस्पर बंद करणे मला फार धोक्याचे वाटते, कारण नव्या बिंबिका येताच गुठळीचा धोका परततो. जठरातील रक्तस्राव हा मात्र खरा दुष्परिणाम आहे. शौचास काळी झाल्यास किंवा थकवा वाढत गेल्यास डॉक्टरांना ताबडतोब दाखवावे.