दहा हजार फुटांखाली 250 नॉट: सूट कोण देतं?

विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपचे स्क्रीनशॉट अधूनमधून फिरत असतात. अमेरिकेत उतरायला निघालेलं विमान, उंची 9,900 फूट, वेग 340 नॉट आणि खाली शेरा: 'पायलटने नियम मोडला!' बहुतेक वेळा काहीच मोडलेलं नसतं. समुद्रसपाटीपासून 10,000 फुटांखाली 250 नॉटची (ताशी 463 किलोमीटर) मर्यादा आहे खरी, पण ती कॉकपिटमधल्या काट्याच्या, म्हणजे 'इंडिकेटेड' वेगाला. ॲपवर दिसतो तो जमिनीच्या हिशेबातला वेग.

हा काटा मुळात वेग मोजतच नाही, दाब मोजतो. विमानाच्या नाकाजवळच्या पिटो नळीचं तोंड पुढे असतं. समोरची हवा तिच्यात अडते, दाब वाढतो. विमानाच्या अंगावरच्या बारीक छिद्रांतून आजूबाजूच्या हवेचा साधा दाब मिळतो. या दोन दाबांतला फरक म्हणजे, ढोबळमानाने, घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. समुद्रसपाटीला 250 नॉटवर तो साधारण 10 किलोपास्कल भरतो, वातावरणाच्या दाबाचा दहावा हिस्सा. 10,000 फुटांवर हवेची घनता 74 टक्क्यांवर येते. तेवढाच दाब मिळवायला विमानाला हवेतून जवळपास 290 नॉटने जावं लागतं. त्यात पाठीमागून 50 नॉटचा वारा धरा: झाले 340. काटा 250 वरच! पंखांनाही हाच दाब जाणवतो, म्हणून पायलट उडतो तो काट्यावर.

मर्यादा आली ती 16 डिसेंबर 1960 च्या न्यूयॉर्कमधल्या टकरीनंतर. युनायटेड आणि टीडब्ल्यूए या विमान कंपन्यांची डीसी-8 आणि सुपर कॉन्स्टेलेशन ही प्रवासी विमानं एकमेकांवर आदळली, 134 माणसं गेली. टकरीच्या वेळी डीसी-8 चा वेग सुमारे 300 नॉट होता. 1961 मध्ये नियम उतरणाऱ्या विमानांना, तोही विमानतळाच्या 30 नॉटिकल मैलांत लागू झाला. 1967 मध्ये सगळीकडे. कारण सोपं आहे. दोन विमानं 250 नॉटने समोरासमोर आली, तर पाच किलोमीटरचं अंतर 19 सेकंदांत संपतं. समोरचं विमान दिसून, ओळखून, वळायला सुरुवात होईपर्यंत साडेबारा सेकंद जातात, असं अमेरिकेची हवाई वाहतूक नियामक संस्था एफएए धरते.

आता सूट. अमेरिकेतला कंट्रोलर, म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणारा हवाई वाहतूक नियंत्रक, ही मर्यादा उठवू शकत नाही. तो 'रिझ्यूम नॉर्मल स्पीड' (नेहमीचा वेग धरा) म्हणाला, तर त्याने स्वतः घातलेलं बंधन सुटतं, 250 चं नाही. छोट्या नियंत्रित विमानतळांच्या चार नॉटिकल मैलांत, 2,500 फुटांपर्यंत लागणारी 200 ची मर्यादा मात्र तो शिथिल करू शकतो. 250 ची सूट फक्त एफएएचे प्रशासक देतात. लष्करी जेटना तशी कायमची मुभा आहे.

राहिलं भरगच्च 747. पूर्ण वजनाने उडालेल्या या विमानाचे फ्लॅप (कमी वेगात जास्त उचल देणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) आत घेतले की त्याचा किमान सुरक्षित वेगच 250 च्या वर जातो. नियमातच तरतूद आहे: अशा वेळी तो किमान वेग चालतो. परवानगी मागावी लागत नाही, पण पायलटने कंट्रोलरला कळवायचं असतं, कारण पुढच्या विमानापासूनचं अंतर तो 250 धरून आखत असतो.