नव्या सागरी मत्स्यालयातील शेवाळ

खाऱ्या पाण्याची टाकी नव्याने मांडली की पहिल्या काही आठवड्यांत काच, वाळू आणि दगडांवर शेवाळ धरते. हे जवळजवळ प्रत्येक टाकीत घडते. या काळात टाकी ‘सायकल’ होत असते, म्हणजे कुजणाऱ्या खाद्यातून सुटणाऱ्या किंवा मुद्दाम घातलेल्या अमोनियाचे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. २५-२६ अंश सेल्सियसला याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया माशांना फार घातक, नायट्रेट बरेच सौम्य. पण शेवाळ या दोन्हींवर पोसते. दगड कोरे, शेवाळ खाणारे कोणी नाही, जागेवर हक्क सांगणारे कोणी नाही, आणि खाद्य आयते. अशा ठिकाणी ते फोफावणारच.

बहुधा आधी डायटम (एकपेशीय सूक्ष्म शेवाळ) येतात. वाळूवर तपकिरी थर दिसतो. काचेवर बोट फिरवले की सहज निघतो, पाण्यात धुरळा उठतो आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली बसतो. डायटमांची कवचे सिलिकाची असतात, त्यामुळे त्यांना सिलिकेट लागते. नळाच्या आणि बोअरच्या पाण्यातून ते टाकीत येते. घरच्या पिण्याच्या आरओचे पाणीही पुरेसे शुद्ध नसते, कारण त्यात चवीसाठी क्षार राखलेले असतात. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्यावर आणलेल्या पाण्यातच मीठ कालवावे. सिलिकेट संपत आले की डायटम आपसूक ओसरतात. त्यांच्यावर औषध ओतणे हा पैशांचा अपव्यय आहे.

त्यानंतर हिरवा थर आणि केसाळ शेवाळ येते. यावरचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय नेमका टाळला जातो, तो म्हणजे लाइट बंद ठेवणे. नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंना प्रकाशाची गरज नाही; टाकीत प्रवाळ नसतील तोवर लाइट केवळ शेवाळाच्या उपयोगाचा. केसाळ शेवाळ हाताने उपटावे, उरलेले टूथब्रशने घासावे. दगड बाहेर काढून घासायचा तर टाकीच्याच पाण्याच्या बादलीत. नळाखाली धरला तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि आठवड्यांची कमाई जाते. फॉस्फेटच्या चाचणीत शून्य आले तरी लगेच विश्वास ठेवू नये; पाण्यातले फॉस्फेट शेवाळाने आधीच शोषलेले असू शकते. कोरड्या, म्हणजे जीवसृष्टी नसलेल्या दगडांतूनही ते कित्येक आठवडे झिरपत राहते.

भारतात हा कोरड्या दगडांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. भित्ती बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवण असो वा लक्षद्वीप, किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा, मेलेलासुद्धा, उचलून आणू नये. त्यामुळे समुद्रातल्या, जीवसृष्टी असलेल्या प्रवाळ-दगडांऐवजी कोरडे किंवा सिरॅमिकचे दगड वापरावे लागतात. त्यांच्यावर सुरुवातीला काहीच जीवसृष्टी नसल्याने शेवाळाचा काळ लांबतो. हा जादा काळ सोसणे योग्यच आहे.

लालसर-जांभळा, चिकट पापुद्रा दिसला तर ते खरे शेवाळ नसते; ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू. सायफनने (नळीने ओढून) तो चादरीसारखा उचलला जातो. पाणी जिथे साचून राहते तिथे तो जास्त वाढतो, म्हणून पॉवरहेडची (टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाची) दिशा बदलून पाहावी. खरी डोकेदुखी डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) या एकपेशीय सूक्ष्मजीवांची. तपकिरी, शेंबडासारखे तंतू आणि टोकांना हवेचे बुडबुडे. ओळखण्यासाठी नमुना बाटलीत जोरात हलवून टिश्यू पेपरमधून गाळावा आणि गाळलेले पाणी उजेडात ठेवावे. तासाभरात तंतू पुन्हा जमले तर डायनो असण्याची दाट शक्यता. नायट्रेट आणि फॉस्फेट पार शून्यावर नेलेल्या टाक्यांत हे अनेकदा उद्भवते, त्यामुळे ‘पाणी जितके निर्मळ तितके बरे’ हा समज इथे अंगाशी येतो. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या (दशलक्षात इतके भाग) आसपास राखणे हिताचे.

शेवाळ दिसताच गोगलगायी आणून सोडण्याची घाई करू नये. अमोनिया आणि नायट्राइट अजून शून्यावर नसतील तर त्या मरतात आणि कुजून अमोनियात भरच घालतात. टाकीत घातलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत पूर्ण संपू लागला आणि नायट्राइटही उरला नाही, की बरेचसे पाणी बदलून नायट्रेट खाली आणावे. मग ट्रोकस किंवा टर्बो गोगलगायी मोजक्याच सोडाव्यात, कारण शेवाळ संपल्यावर जास्तीच्या उपाशी मरतात. डायनोंची शंका असेल तर त्याही थांबवाव्यात. ऑस्ट्रिओप्सिससारखे काही डायनो विषारी असतात आणि ते खाऊन गोगलगायी दगावतात.